रूपाची भरपाई

मराठी भाषेने माणसाच्या चेहऱ्यावर फार मोठा भार टाकलेला आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते. अपराध उघडकीस आला की तोंड काळे होते. लाजिरवाणे काही घडले की तोंड दाखवायला जागा उरत नाही. आणि मागण्याचा अधिकार ज्याने गमावला त्याला ‘कोणत्या तोंडाने मागतोस’ असे विचारले जाते. या सर्व वाक्प्रचारांत चेहरा ही आचरणाची नोंदवही ठरते. गोदातीरावरील नाशिक नगराच्या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती शूर्पणखेच्या छेदलेल्या नाकाशी जोडली जाते. विद्रूपता ही शिक्षा आहे आणि शिक्षा आहे त्या अर्थी मागे काही दोष असलाच पाहिजे, हा समज भाषेच्या आणि कथांच्या तळाशी असा मुरलेला आहे. परंतु ज्याच्या चेहऱ्यातील बदलामागे त्याचे स्वतःचे कोणतेही कर्म नाही, ज्याचा चेहरा जन्मजात व्याधीने, आगीने, अपघाताने किंवा दुसऱ्याच्या क्रौर्याने बदलला, त्याने या भाषेत कोठे उभे राहावे? समाज त्याच्याकडून नेमके काय मागतो, आणि ते मागण्याचा समाजाला अधिकार आहे काय?

या प्रश्नाला चंदीगड शहरातील एका घटनेने अलीकडे नवे निमित्त पुरवले. तेथील अंध विद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने २०२३ मध्ये दहावीच्या आणि २०२५ मध्ये बारावीच्या परीक्षेत ९५ टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. ती अवघी तीन वर्षांची असताना तिच्यावर ॲसिड फेकण्यात आले होते. त्यात तिचा चेहरा भाजला आणि दृष्टी गेली. देशभरातील वृत्तपत्रांनी तिचे यश ठळकपणे छापले, तिची छायाचित्रे प्रसिद्ध केली, तिच्या जिद्दीची वाखाणणी केली. तिचे नाव त्या बातम्यांत आहे. येथे त्याची आवश्यकता नाही. त्या मुलीचे यश निर्विवाद आहे आणि ते तिचे स्वतःचे आहे. विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती वाचकाच्या समाधानाची. बातमी वाचून मनावरचे जे ओझे उतरले, ते कसले होते? एका बालिकेवर झालेल्या अन्यायाचा हिशेब गुणपत्रिकेने मिटला, अशी काहीशी भावना त्या समाधानात दडलेली नव्हती काय? आणि याच मुलीला ९५ ऐवजी ४५ टक्के गुण मिळाले असते, तर तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य कितीजणांनी दाखवले असते?

हाच पेच चार दशकांपूर्वी एका अमेरिकी चित्रपटाने मांडला होता, आणि मांडताना तो स्वतःही त्यात काही अंशी अडकला होता. पीटर बॉग्दानोविच यांनी दिग्दर्शित केलेला ‘मास्क’ हा चित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला. रॉकी डेनिस या कॅलिफोर्नियातील मुलाच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे. रॉकीचा जन्म १९६१ चा आणि मृत्यू १९७८ चा. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. कवटीच्या आणि चेहऱ्याच्या हाडांत सतत चुना साचत जाऊन ती वाढत राहावीत, अशी अत्यंत दुर्मिळ व्याधी त्याला होती. एरिक स्टॉल्ट्झ या नटाने ही भूमिका जाड रंगभूषेच्या आड राहून केली आणि त्या रंगभूषेला ऑस्कर पारितोषिक मिळाले. आईच्या भूमिकेसाठी शेर या अभिनेत्रीला कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार विभागून देण्यात आला.

चित्रपटातील एक प्रसंग प्रारंभीच लक्ष वेधून घेतो. आई मुलाला नव्या शाळेत घालण्यासाठी नेते. मुख्याध्यापकांचे बोलणे सौजन्याचे आहे, पण त्यांचा सूर असा की या मुलासाठी एखादी वेगळी शाळा अधिक योग्य होईल. आई हटत नाही. मुलाला मिळालेले उत्तम गुण आणि शाळेत येण्याचा त्याचा हक्क, अशी दोन्ही साधने ती पुढे करते. प्रवेश मिळतो. रॉकी हुशार निघतो, सहाध्यायांना शिकवतो, पारितोषिके मिळवतो, हळूहळू सर्वांचा लाडका होतो. प्रेक्षक सुखावतो. परंतु आईने वापरलेली ती दोन साधने एका जातीची नाहीत, हे येथेच ध्यानात घेतले पाहिजे. हक्क सर्वांना असतो. गुण थोड्यांना असतात. हक्काच्या आधाराने दार उघडले तर ते मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे राहते. गुणांच्या आधाराने उघडले तर ते एका रॉकीपुरते उघडते आणि त्याच्या पाठोपाठ मिटते.

चित्रपटाच्या रचनेत आणखी एक विसंगती आहे. रॉकीची आई मादक द्रव्यांच्या आहारी गेलेली आहे. ती चुकते, मुलाला दुखावते, पुन्हा सावरते, आणि प्रेक्षक तिला क्षमा करतो. तिला दोष असण्याची मुभा आहे. रॉकीला मात्र ही मुभा जवळजवळ नाही. तो समंजस आहे, विनोदी आहे, मोठ्या माणसांनाही सावरून घेणारा आहे. ज्या मित्राबरोबर मोटारसायकलीवरून युरोप पालथा घालण्याचे बेत रचले, तो मित्र माघार घेतो तेव्हा रॉकीचा तोल सुटतो आणि तो त्याला कठोर शब्द बोलून जातो. असे क्षण त्या चित्रपटात मोजके आहेत, आणि तेच कदाचित सर्वांत खरे आहेत. सोळा वर्षांच्या मुलाने चिडावे, हेवा करावा, आळस करावा, उद्धट बोलावे, यात नवल काही नाही. परंतु ज्याचा चेहरा बिघडलेला आहे त्याचा स्वभावही बिघडलेला निघाला, तर त्याच्यावर प्रेम करण्यास कोणी तयार होणार नाही, ही भीती पटकथेलाही वाटलेली दिसते. रूपात जे उणे आहे ते गुणांनी भरून दे, असा हा अलिखित करार आहे. त्याला भरपाई हाच शब्द योग्य होय. विपरीत गोष्ट इतकीच की येथे भरपाई नुकसान झालेल्याकडूनच वसूल केली जाते.

भारतीय परंपरेलाही हा करार अपरिचित नाही. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा हा मुलगा जनकाच्या यज्ञमंडपी जातो आणि वादात बंदीला हरवतो. लोककथेने तीत सभेचे हसणे जोडले, आणि कातडे पारखणाऱ्यांना विद्वान कसे म्हणावे, हे अष्टावक्राचे उत्तरही जोडले. कथा येथे थांबली असती तर ती पाहणाऱ्याच्या दृष्टीवरील कठोर टीका ठरली असती. परंतु महाभारतात ती येथे थांबत नाही. विजयानंतर पित्याच्या आज्ञेने अष्टावक्र समंगा नदीत स्नान करतो आणि त्याचे सर्व अवयव सरळ होतात. भागवतातील कुब्जेचेही तसेच: भक्ती सिद्ध झाली की कृष्णाच्या स्पर्शाने तिचा देह सरळ होतो. वाकडा देह वाकडा राहूनच कथेचा शेवट व्हावा, हे परंपरेला सोसले नाही. गुणाचे अंतिम पारितोषिक म्हणून तिने रूपच देऊ केले, आणि रूपाचे श्रेष्ठत्व त्यामुळे अधिकच पक्के झाले.

याला एक लखलखीत अपवाद मराठी संतवाणीत आहे. चोखोबांनी वाकड्या उसाचा आणि सरळ रसाचा दृष्टान्त दिला तो सामाजिक अवहेलनेच्या संदर्भात. परंतु त्याचा रोख देहाच्या प्रश्नालाही लागू पडतो. त्या अभंगाचा उपयोग पुष्कळदा ‘बाह्यरूपापेक्षा अंतरंग महत्त्वाचे’ अशा सुभाषितासारखा केला जातो, आणि तेथेच त्याची धार बोथट होते. चोखोबा रस गोड आहे म्हणून उसाला क्षमा करा, असे विनवीत नाहीत. पाहणारा वरच्या रंगाला का भुलतो, असा उलट सवाल ते पाहणाऱ्याला करतात. कसोटीला उभा केला जातो तो पाहणारा, पाहिला जाणारा नव्हे. हा फरक सूक्ष्म वाटेल; पण संपूर्ण प्रश्नाचे मर्म त्यात आहे. ‘आंतरिक सौंदर्य’ ही कल्पना वरवर उदार दिसते, तरी तीही मुळात सौंदर्याचीच मागणी करते. फक्त ते कोठे शोधायचे, ती जागा बदलते. १९७८ च्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या हिंदी चित्रपटात चेहऱ्याची एक बाजू लहानपणी उकळत्या तेलाने भाजलेली नायिका आहे. तिला प्रेमास पात्र ठरवण्यासाठी स्वर्गीय आवाज, निस्सीम भक्ती आणि उरलेल्या देहाचे लावण्य, एवढे सगळे पटकथेला जमवावे लागले. बेसुर गाणारी, साधी, थोडी तापट अशी भाजलेली मुलगी नायिका होऊ शकली नसती. वास्तवात बहुतेक मुली अशाच असतात.

या संदर्भात चंदीगड हे शहरच काही सांगू शकते. १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांनी ते आखले. तेथील रचनांत त्यांनी ‘मोड्युलर’ ही आपली मापनपद्धती वापरली. एका हात उंचावलेल्या आदर्श पुरुषाच्या देहावरून ती बेतलेली आहे. आरंभी या पुरुषाची उंची १७५ सेंटिमीटर धरली होती. पुढे ती १८३, म्हणजे सुमारे सहा फूट, करण्यात आली. इंग्रजी रहस्यकथांतील देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फूट उंच असतात, असा युक्तिवाद या बदलामागे होता, हे कॉर्बुझिए यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. एका मोठ्या प्रतिभावंताने मानवी देहाचे सार्वत्रिक माप शोधावे आणि त्या मापात रहस्यकथेतील देखणेपणा नकळत येऊन बसावा, ही घटना उद्बोधक आहे. आदर्श म्हणून जे समोर ठेवले जाते त्यात एखाद्या काळाची आवड किती सहज मिसळते, याचे हे उदाहरण होय.

त्याच शहरात, कॉर्बुझिए यांच्या सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या इमारतींपासून जवळच, नेकचंद यांचे रॉक गार्डन आहे. रस्ते निरीक्षकाची नोकरी करीत त्यांनी ते अनेक वर्षे गुपचूप घडवले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, फरशांचे कपरे, विजेच्या दिव्यांची मोडकी सामग्री यांतून त्यांनी माणसांच्या आणि प्राण्यांच्या शेकडो आकृती उभ्या केल्या. त्यांतील एकही चेहरा ‘मोड्युलर’च्या मापात बसणारा नाही. पण या आकृतींचा खरा परिणाम त्यांच्या संख्येत आहे. एकटी आकृती कदाचित विचित्र वाटली असती. रांगेने उभ्या असल्यामुळे त्या एक वस्ती वाटतात, आणि वस्तीत कोणी विचित्र नसतो. उपमेला मर्यादा आहे, कारण माती आणि काच यांना वेदना नसते. तरीही तेथे एक गोष्ट शिकण्याजोगी आहे: विचित्रपणा हा पुष्कळदा वस्तूचा धर्म नसून एकटेपणाचा परिणाम असतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो प्रामाणिक आहे. विकृत झालेला चेहरा पाहून दचकणे हे नैसर्गिक आहे. ते इच्छेच्या अधीन नाही. आणि जे इच्छेच्या अधीन नाही त्यासाठी कोणाला नैतिक दोष देता येणार नाही. हे मान्य केले पाहिजे. तथापि दचकते ती पहिली नजर. पहिली नजर शरीराची असते, दुसरी स्वभावाची. पहिल्या नजरेनंतर माणूस तोंड फिरवतो, की टक लावून पाहत राहतो, की दयेने ओथंबतो, की साधे ‘बसा’ म्हणतो, हे त्याच्या हाती असते, आणि नीतीचा प्रांत तेथून सुरू होतो. शिवाय दचकण्याचीही सवय मोडते. ‘मास्क’ पाहणाऱ्या कोणालाही हा अनुभव येतो. प्रारंभी पडद्यावर केवळ तो चेहरा दिसतो. काही काळाने रॉकी दिसू लागतो. या बदलासाठी चित्रपट कोणताही युक्तिवाद करीत नाही. तो फक्त वेळ देतो. जत्रेतील वेड्यावाकड्या आरशांच्या दालनात रॉकीला स्वतःचे प्रतिबिंब नेहमीसारखे, चारचौघांसारखे दिसते, तेव्हा प्रेक्षकालाच तो चेहरा अनोळखी वाटतो. चित्रपटाचे नैतिक सामर्थ्य कोठे असेल तर ते येथे आहे, पारितोषिक-समारंभाच्या प्रसंगात नाही.

अंधांच्या शिबिरात रॉकीची एका अंध मुलीशी मैत्री होते, तो भागही असाच बोलका आहे. तापवलेला दगड हातात देऊन तो तिला लाल रंग समजावतो, गार दगडाने निळा, आणि कापसाने ढग. पुढे तिचे आईवडील, ज्यांना डोळे आहेत, ही मैत्री तोडतात. अंध विद्यालयाच्या वर्गातही माणसे एकमेकांना बहुतांशी आवाजावरून, पावलांच्या चाहुलीवरून ओळखतात. तेथे चेहऱ्याला फारसे काम नसते. चंदीगडच्या त्या विद्यार्थिनीला अशा वर्गात कदाचित ते मिळाले असेल जे डोळसांच्या शाळेत सहज मिळाले नसते: कोणत्याही अटीविना शेजारी बसण्याची जागा. परंतु समाजाने यात समाधान मानणे योग्य नव्हे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यातच विद्रूप माणसाला शांतता लाभते, ही डोळसांसाठी प्रशस्ती नाही.

कायद्याचे मोल येथे जाणवते. २००५ मध्ये दिल्लीत पंधरा वर्षांच्या एका मुलीवर ॲसिडहल्ला झाला; लक्ष्मी अगरवाल या नावाने पुढे सुपरिचित झालेल्या या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि राज्यांनी पीडितांना किमान तीन लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. तिच्या जीवनावर बेतलेला मेघना गुलजार यांचा ‘छपाक’ २०२० मध्ये आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने ॲसिडहल्ल्यात विद्रूप झालेल्यांना दिव्यांगांत स्थान दिले. त्यानंतरही एका महिलेला बँकेत खाते उघडताना अडचण आली. जिवंतपणाचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून उघडून दाखवावी, अशी अट होती. ॲसिडहल्ल्यानंतर तिच्या पापण्या मिटत नव्हत्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यक्तींसाठी पडताळणीच्या पर्यायी पद्धती उपलब्ध करण्याचे निर्देश दिले आणि अंकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. या निर्णयाचे वैशिष्ट्य हे की त्याचा लाभ मिळण्यासाठी ती महिला किती कर्तृत्ववान आहे, हे सिद्ध करावे लागत नाही. खाते उघडता येणे ही असामान्य गोष्ट नाही. नेमके त्यामुळेच ते न्यायाचे खरे स्वरूप आहे. विद्रूप झालेला माणूस सौंदर्याचा दावा सांगत नाही, माहात्म्याचाही नाही. तो सामान्यपणाचा हक्क मागतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या न्यायाचे एक जुने उदाहरण आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणाऱ्या कावसजी नामक एका मराठ्याला टिपूच्या सैन्याने पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. या वृत्तान्ताने प्रेरित होऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली, आणि आधुनिक शल्यविद्येच्या एका शाखेला चालना मिळाली. त्या पत्रात शस्त्रवैद्याचे नाव नाही. कापलेले नाक ही शत्रूने दिलेली शिक्षा होती. ज्या भाषेत कापलेले नाक म्हणजे गेलेली अब्रू, त्याच भाषेच्या प्रदेशातील त्या कारागिराने ती अब्रूची गोष्ट मानली नाही, दुरुस्तीची मानली. कावसजी शूर होता की भित्रा, गुणी की अवगुणी, हे त्या वृत्तान्तात कोठेही आलेले नाही. त्याला नाक हवे होते, आणि ते मिळाले.

शस्त्रक्रियेची मर्यादा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक चेहरा पूर्ववत करता येत नाही, आणि करता यावा ही अट घालणे म्हणजे समंगेच्या पाण्याचीच वाट पाहणे होय. जेथे चेहरा बदलत नाही तेथे नजर बदलावी लागते. आणि नजर उपदेशाने बदलत नाही, सहवासाने बदलते. वर्गात, कचेरीत, टपालाच्या खिडकीपाशी, लग्नाच्या पंगतीत असे चेहरे दिसत राहिले तरच दचकणे ओसरते. त्यांना घरात ठेवणारा समाज प्रत्येक भेट ही पहिलीच भेट ठरवतो आणि मग आपल्या दचकण्याला निसर्गनियम म्हणतो.

चंदीगडच्या त्या मुलीचे अभिनंदन झाले ते योग्यच झाले. परंतु समाजाची परीक्षा तिच्या गुणपत्रिकेने झालेली नाही. ती परीक्षा तिच्याच वयाच्या, तिच्यासारखाच चेहरा असलेल्या, कसाबसा द्वितीय वर्ग मिळवणाऱ्या एखाद्या मुलीच्या वेळी होईल. तिची बातमी येणार नाही. ती निकाल घेऊन शहराच्या बसमध्ये चढेल, रिकाम्या आसनावर बसेल, आणि पुढच्या थांब्यावर चढणारा उतारू शेजारच्या जागेकडे पाहील. तो तेथे बसतो की उभा राहतो, एवढेच पाहायचे आहे.